एक्स जपान हा जपानी रॉक बँड फुटल्यावर कोण कुठे गेलं? तुमच्या आठवणी लिहा

सावनी_ठाणे
काल भाचीच्या खोलीतून त्यांचं 'एंडलेस रेन' ऐकू आलं आणि निवडायची मेथी तशीच राहिली. पुण्यात जपानीच्या क्लासला कुणीतरी कॅसेट आणली होती, ती इतक्या हातांतून फिरली की शेवटी टेप बाहेर आली. सप्टेंबर 1997 मध्ये बँड फुटल्याचं जाहीर झालं, 31 डिसेंबरला टोकियो डोममध्ये शेवटचा कार्यक्रम. पुढचं तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. मला सगळ्यात लागली ती गायक तोशी आणि ड्रमर योशिकी यांची ताटातूट. तातेयामाचे बालपणापासूनचे दोस्त हो! तुम्हीही ऐकायचात का? लिहा.

मुळामुठा
हिदे, गिटारवाला. बस्स. बाकी लिहवत नाही.

निशिकासाईकर
इथे जपानमध्ये आमच्या ऑफिसात हिशेब बघणारी एक बाई आहे, पन्नाशीची, एका येनची चूक चालत नाही तिला. हिदे 2 मे 1998 ला गेला, वय 33. तेव्हा ही त्सुकिजीच्या होंगान्जी देवळाबाहेर रांगेत होती. 2 मे गोल्डन वीकमध्ये, म्हणजे इथल्या सलग सुट्ट्यांच्या आठवड्यात येतो, पण सरकारी सुट्टी नसते. ती दरवर्षी रजा टाकते, साहेब कारण विचारत नाहीत. 'पिंक स्पायडर' हे त्याचं गाणं त्याच्या मागे त्याच महिन्यात आलं आणि थेट पहिल्या नंबरावर गेलं. योकोसुकाला त्याचं म्युझियमही होतं, मी इथे येईपर्यंत बंद पडलं.

आज्जीबाई_जोरात
तोशीचं वाचून माझा नवरा म्हणाला, इतका मोठा गायक आणि बाबाबुवांच्या नादी? मी म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहेत! 'होम ऑफ हार्ट' नावाच्या पंथात गेला, केस-मेकअप सगळं सोडून छोट्या हॉलांत गिटार घेऊन शांत शांत गाणी. 2010 ला बाहेर पडला. नंतर पुस्तक लिहिलं, त्यात 12 वर्षांना नरक म्हणतो. कुकर झाला, येते.

रिफ_आणि_रस्सा
दुसरा गिटारवाला पाता, त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही!! बाकीच्यांचं रामायण चालू असताना हा माणूस गप गिटार वाजवत बसला. बेसवाल्या हीथबरोबर डोप हेड्झ हा बँड, मग रेन नावाचा. मुलाखतीत बोलणं कमी, बियर जास्त. माझा आदर्श.

मुळामुठा
@रिफ, हीथ पण 2023 ला गेला रे.

रिफ_आणि_रस्सा
हो. तो दिवस वाईट गेला. आधीचा बेसवाला ताईजी त्याआधीच, 2011 ला.

निशिकासाईकर
योशिकीने 1999 मध्ये सम्राटांच्या राज्यारोहणाच्या दशकपूर्तीला पियानो कन्चेर्टो लिहिला. ढोल बडवून बेशुद्ध पडणारा माणूस, सम्राटांसमोर सुटाबुटात! पुढे वाईन, किमोनो, हॅलो किटीसुद्धा. आणि तेव्हाचे पंतप्रधान कोइझुमी एक्स जपानचे फॅन, 2001 ला पक्षाच्या जाहिरातीत बँडचं 'फॉरएव्हर लव्ह'. 2007 ला पुन्हा एकत्र आले, पण नवा अल्बम येता येईना, हे आपल्या उड्डाणपुलांच्या कामासारखं.

सावनी_ठाणे
😂 पण तोशीला परत आणलं ना त्याने, मी तेवढ्यावर सगळं माफ करते.

आज्जीबाई_जोरात
आले परत. योशिकीच्या मानेचं ऑपरेशन झालं ना? ड्रम वाजवून मान गेली म्हणे.

निशिकासाईकर
हो, 2017 ला, कृत्रिम चकती बसवली.

आज्जीबाई_जोरात
अगबाई. माझीपण मानेच्या मणक्यांची भानगड आहे, सी-फाईव्ह, सी-सिक्स, आणि मी तर फक्त पोळ्या लाटते. मानेचा पट्टा किती तास लावायचा असतो?

मुळामुठा
मला डॉक्टरांनी फक्त प्रवासात लावायला सांगितलंय. तुम्ही उशी बदला आधी, आज्जी.

आज्जीबाई_जोरात
कापसाची की फोमची?