अकरा वर्षं मेंटेनन्स तेवढाच, आणि मग एकदम पावणेदोन लाख

नाइलाजानं_खजिनदार

ठाण्यात आमची ४८ घरांची सोसायटी आहे, इमारत १९९४ ची. निम्मी घरं ४०० चौरस फुटांची, निम्मी ६५० ची. मेंटेनन्स २०१४ साली ठरला तोच आजही, सरासरी महिना १,९००. सर्वसाधारण सभेत वाढीचा विषय निघाला की नेमके वडापाव येतात, आणि वडापाव संपेपर्यंत कोरमही संपतो. घर विकायला काढणारे मात्र ‘मेंटेनन्स एकदम नॉमिनल’ असं छाती फुगवून सांगतात.

गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, केलं. इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमचं हे पहिलंच. कॉलम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचे पाइप आणि बाहेरून प्लास्टर-रंग धरून अंदाज आला ८४ लाख. म्हणजे घरटी सरासरी पावणेदोन लाख. क्षेत्रफळावर वाटले तर लहान घराला १ लाख ३३ हजार, मोठ्याला २ लाख १७ हजार.

‘मग सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, कुठे गेला?’ असं सगळे विचारतात. कुठे जायला तो होता कुठे? आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या छापील नियमावलीत, सिंकिंग फंड घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती-देखभाल निधी किमान पाऊण टक्का सांगितलाय. आमच्या दप्तरी बांधकाम खर्च १९९४ चा, चौरस फुटाला ५०० रुपये. लहान घराचे झाले दोन लाख, त्याचा पाव टक्का ५०० रुपये वर्षाला. महिन्याचे ४२ रुपये! अख्ख्या सोसायटीचे मिळून वर्षाला ३१,५००. तीस वर्षांत मुद्दल साडेनऊ लाख, व्याजासकट आज बावीसच्या आसपास. उपविधीत ‘किमान’ छापलंय, आम्ही तीस वर्षं ते ‘कमाल’ वाचत आलो.

कमी मेंटेनन्स ही माझ्या लेखी उधारी आहे, आणि ती फेडतो शेवटी घरात उरलेला माणूस. जे २००५ ला विकून घोडबंदर रोडला गेले ते वाचले. रविवारी विशेष सभा आहे. महिना ३,२०० करावा असा माझा प्रस्ताव आहे, म्हणजे वर्षाला साडेसात लाख जास्त जमतील, आणि विम्याची बिलात वेगळी ओळ असावी. मतं सांगा. शिव्या चालतील, सवय आहे.

तळमजला_पेन्शनर

शिव्या नाही देत, हिशोब विचारतो. मी मुलुंडला तळमजल्यावर राहतो. वय ७४, पेन्शन २१ हजार. तुमच्यासारखे तिशी-चाळिशीतले खजिनदार ‘फक्त तेराशे वाढवतोय’ म्हणतात तेव्हा ते माझ्या महिन्याच्या औषधांएवढे असतात. लिफ्टचे पैसेही मी सगळ्यांएवढेच भरतो. तीस वर्षांत त्या लिफ्टमध्ये दोनदा चढलो, एकदा गच्चीवर पतंग बघायला आणि एकदा चुकून.

मुख्य मुद्दा असा की १९९४ ची इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाणार. बिल्डर नवं घर देईल, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसेही देईल. जी इमारत पाडायची तिच्यावर ८४ लाख कशाला? मयताला नवं धोतर?

आणि विम्याची ओळ तर नकोच. आमच्या सोसायटीनं तीस वर्षं हप्ता भरला, एक छदाम परत आला नाही.

नाइलाजानं_खजिनदार

काका, लिफ्टचं तुमचं दुःख कळतं, पण उपविधी तसंच सांगते: लिफ्ट ज्या इमारतीत आहे तिथल्या सगळ्यांनी समान, वापरा की नका वापरू.

पुनर्विकासाचं मीही आठ वर्षं ऐकतोय. आमच्याकडे तीन बिल्डर येऊन गेले. एकानं पेढे वाटले, दुसऱ्यानं चहा तरी पाजला, तिसऱ्यानं फक्त फाइल नेली. मधल्या काळात गच्चीच्या कठड्याचा टोपलीएवढा तुकडा खाली उभ्या स्कूटरवर पडला. दहा मिनिटं आधी त्या स्कूटरवर दोन मुलं बसली होती. बिल्डर येईपर्यंत इमारत उभी राहायला हवी की नको?

विम्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे आमचीच चूक आहे. जून २०१९, पावसाची पहिली सर, पहाटे साडेचार. मीटर रूममध्ये स्पार्क होऊन आग लागली. मी खाली आलो तेव्हा वॉचमन कुंडीतली माती ओंजळीनं टाकत होता, कारण वाळूच्या लाल बादल्यांत लोकांनी कबुतरांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. मीटरची काचेची तोंडं मेणासारखी खाली ओघळलेली. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना काळा. लिफ्टचं पॅनेल गेलं. चार दिवस सातव्या मजल्यावरच्या आजीला खुर्चीत बसवून वरखाली नेत होतो.

नुकसान धरलं ९ लाख. घरातल्या मेन स्विचपर्यंतची वायर सोसायटीची जबाबदारी, त्यामुळे सगळं आमच्याच गळ्यात. पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, आणि क्लेम मंजूर झाला ३ लाख. उरलेल्या ६ लाखांसाठी घरटी साडेबारा हजार काढले. वर पुन्हा ‘विमा कंपन्या चोर’ असं म्हणायला सगळे मोकळे.

सर्व्हे_करणारी

चोर नाही हो, भागाकार आहे. मी सर्व्हेअर म्हणून बरीच वर्षं सोसायट्यांचे क्लेम बघते. खजिनदार, तुमची विमा रक्कम इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चाच्या एक तृतीयांश असणार, बरोबर?

नाइलाजानं_खजिनदार

बरोबर. २ कोटी १० लाख. कुणीतरी पूर्वी कधीतरी लिहिलेला आकडा, दर वर्षी तोच पुढे. बांधकाम खर्च त्या वेळच्या दरानं ६ कोटी ३० लाख निघाला.

सर्व्हे_करणारी

मग झालंच. तिसऱ्या हिश्श्याचा विमा, तर नुकसानीचाही तिसरा हिस्सा. पूर्ण इमारत जळाली तरच हा नियम लागतो असा लोकांचा समज असतो. तुमच्यासारख्या पॉलिसीत नऊ लाखांच्या आगीलाही तो तसाच लागतो.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. काही सोसायट्या घरांच्या बाजारभावाची बेरीज करून विमा उतरवतात. ठाण्यातल्या घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा, आणि जमीन जळत नाही. आर्किटेक्टकडून पुन्हा बांधायचा खर्च लिहून घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी आकडा बदला.

काका, एक छदाम परत आला नाही म्हणजे तीस वर्षं आग लागली नाही. त्याबद्दल तक्रार काय करायची? इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा उतरवणं उपविधीनं सोसायटीवर बंधनकारक केलंय, ती आवडीनिवडीची गोष्ट नाही. हप्ता घरांच्या क्षेत्रफळावर वाटायचा असतो, त्यामुळे लहान घरवाल्याला कमी पडतो. खाली दुकान असेल आणि त्यातल्या मालामुळे कंपनीनं जास्तीचा हप्ता लावला, तर तो जादा भाग दुकानवाल्यांनी भरायचा. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत खाली थिनरचे डबे ठेवणारं रंगाचं दुकान आहे आणि हप्ता वरचे पेन्शनर भरतात.

सोसायटीच्या पॉलिसीत तुमचा सोफा, कपाटं, मॉड्युलर किचन नसतं. त्यासाठी स्वतःची पॉलिसी घ्या. २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ आहे. त्यात घराचा विमा घेतला की सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आणि झिरपणारी भिंत घेऊन माझ्याकडे येऊ नका. पाइप अचानक फुटला तर ती घटना असते. वर्षानुवर्षं ओल येत असेल तर ती देखभालीची हयगय, तिला विमा नाही.

चौथा_मजला_ओली_भिंत

ओल हा शब्द दिसला म्हणून लॉगिन केलं. माझ्या बेडरूमच्या छतावर महाराष्ट्राचा नकाशा उमटलाय, कोकण जरा जास्तच हिरवं. वरचे म्हणतात सोसायटीचं काम, सोसायटी म्हणते वरच्यांचं.

नाइलाजानं_खजिनदार

पावसाचं पाणी, बाहेरचा सामायिक पाइप किंवा गच्ची असेल तर सोसायटी. गच्चीतून गळून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर पडलं तर तेही सोसायटीच करून देणार. वरच्यांचं बाथरूम किंवा सिंक गळत असेल तर खर्च वरच्यांचा. तुमच्या नकाशावर बाथरूम कुठे येतं ते बघा.

चौथा_मजला_ओली_भिंत

साधारण नागपूरला.

मस्कतकर

वेगळा मुद्दा मांडतो. माझं कल्याणचं घर भाड्यानं आहे आणि मी इथे. सोसायटीनं तीन वर्षं माझ्याकडून बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) म्हणून मेंटेनन्सएवढीच रक्कम वर घेतली, म्हणजे दुप्पट. २००१ पासून मर्यादा सेवा शुल्काच्या, म्हणजे वॉचमन-सफाई वगैरे सामायिक खर्चाच्या, १० टक्के आहे, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. पत्र पाठवलं तर ग्रुपवर उत्तर आलं, ‘परदेशात कमावता, एवढं काय!’ सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केल्यावर पैसे पुढच्या बिलांत वळते झाले.

थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची परवानगी आहे, आणि कमिट्या तो २१ चा आकडा बरोबर लक्षात ठेवतात. १० चा आकडा मात्र विसरतात. खजिनदारसाहेब तुम्ही सज्जन वाटता, पण मेंटेनन्स वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी आकारणी तरी नियमानं करावी.

पुणेरी_अपार्टमेंट

तुम्ही सगळे सोसायटीवाले, आमच्याकडे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट. आमच्याकडे घोषणापत्रात प्रत्येकाचा सामायिक मालमत्तेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सामायिक खर्च त्या टक्क्यांवर. लहान घरवाले खूश, चार बेडरूमवाले नाराज: ‘वॉचमन काय आमच्यासाठी चौपट जागतो?’ पुण्यातल्याच एका प्रकरणात २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानं मोठ्या घराला जास्त आकारणी योग्य धरली. सोसायटीत मात्र सेवा शुल्क समान. घर घेताना हा फरक कुणी विचारत नाही, फक्त पार्किंग विचारतात.

तळमजला_पेन्शनर

म्हणजे एकाच बिलात वॉचमन समान, विमा क्षेत्रफळावर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर आणि पाणी नळांच्या संख्येवर! ३५ वर्षं लेखा खात्यात काढली, असं बिल नाही बघितलं. तरी मान्य करतो, विम्याबद्दल ताईंनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. आमची विमा रक्कम विचारून घेतो.

वाढीला विरोध कायम आहे.

एफडीत_अडकलेला

काकांच्या विरोधाला माझ्याकडून भक्कम कारण घ्या. आमची सोसायटी खजिनदारांच्या स्वप्नातली. मेंटेनन्स भरपूर, सिंकिंग फंड ३१ लाख, सगळा एका सहकारी बँकेत, कारण व्याज अर्धा टक्का जास्त आणि मॅनेजर आमच्याच गल्लीतला. एका संध्याकाळी बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले. शटरबाहेरच्या रांगेत आमचे चेअरमन पावत्यांची फाइल छातीशी धरून उभे होते.

ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचं आहे, त्याआधी १ लाख होतं. ते दर ठेवीदाराला, दर बँकेमागे. सोसायटीत ६० कुटुंबं असली तरी ठेवीदार एकच, आणि पावत्या सात असल्या तरी बेरीज एकच. ३१ लाखांतले ५ हातात आले, बाकीचे ‘प्रक्रियेत’ आहेत.

इमारत जळू नये म्हणून विमा आणि जमवलेला पैसा बुडू नये म्हणून काहीच नाही? म्हणून म्हणतो, आधी सांभाळता येईल एवढंच गोळा करा. लोकांचा पैसा लोकांच्या खिशात जास्त सुरक्षित.

नाइलाजानं_खजिनदार

लोकांच्या खिशातला पैसा ८४ लाखांच्या दिवशी खिशात नसतो, हा माझा गेल्या सहा महिन्यांचा अनुभव. पाच घरांनी ‘हप्ते करून द्या’ म्हटलंय, दोघांनी फोन उचलणं सोडलंय. त्यांच्यावर वसुली दाखल्याची कारवाई करता येते, पूर्वी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली, आता १५४ब-२९ खाली. पण ज्यांच्या घरी गणपतीत मोदक खातो त्यांच्यावर जप्ती आणायची हिंमत माझ्यात नाही.

तुमचा मुद्दा तरी खोडता येत नाही. ठेवी चार-पाच ठिकाणी विभागाव्यात, नियमात बसणाऱ्या मजबूत बँकांत ठेवाव्यात आणि दर सभेत पावत्यांची यादी वाचून दाखवावी, हे प्रस्तावात घालतो.

तळमजला_पेन्शनर

घालाल तेव्हा घाला. तुमचे बावीस लाख आज कुठे आहेत ते सांगा. तोंडी नको, पावत्या काढून.

नाइलाजानं_खजिनदार

काढल्या. कपाटाची किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. सहा पावत्या आहेत, त्यातल्या चार, मिळून सोळा लाख, एकाच बँकेत. कुणी ठेवल्या ते विचारू नका, सही माझीच आहे. सोमवारी जाऊन दोन मोडणार होतो, पण चेअरमनची सही लागते आणि चेअरमन नाशिकला मुलीकडे गेलेत, गुरुवारी येतील.

एफडीत_अडकलेला

नाशिकला एसटी जाते. बुधवारी पोहोचा.