विकेट कुणाच्या, होर्डिंगवर कोण?

दांडियाबाजारची आई

गेल्या महिन्यात इथल्या, बडोद्यातल्या, मुलींच्या क्लब क्रिकेट स्पर्धेत लेकीचा संघ जिंकला. अंतिम सामन्यात ज्या मुलीने 5 विकेट काढल्या ती सावळी, काटक, रोज वाडीहून सायकल मारत सरावाला येणारी. माझी लेक त्या दिवशी बारावी खेळाडू होती, दोनदा पाणी घेऊन आत गेली एवढंच. संघाला ट्रॅकसूट देणाऱ्या दुकानदाराला होर्डिंगसाठी एक फोटो हवा होता आणि त्यांनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, अहो, विकेट त्या मुलीने काढल्यात. ते म्हणाले, "बेन, फोटामां चहेरो तो जोईए ने." फोटोत चेहरा तर हवा ना! माझी लेक गोरी, घाऱ्या डोळ्यांची. मी गप्प बसले. 5 हजार रुपये आणि नवी किटबॅग आमच्या घरी आली.

होर्डिंग लागलंय. लेकीच्या हातात चेंडू दिलाय आणि तिने तो संत्रं धरावं तसा धरलाय, शिवण कुठल्या कुठे. ती फलंदाज आहे, तिला कोण शिकवणार? ज्या मुलीला ती शिवण झोपेतही सापडते, ती रोज त्याच रस्त्याने सायकलवरून जाते.

म्हणून हा धागा. टेनिसमध्ये कृष्णवर्णीय सेरेना विल्यम्सने 23 ग्रँड स्लॅम एकेरी जिंकल्या, गोऱ्या मारिया शारापोव्हाने 5. तरी 'फोर्ब्स' मासिकाच्या यादीत सर्वाधिक कमाई करणारी महिला खेळाडू म्हणून 2015 पर्यंत सलग 11 वर्षं शारापोव्हाच होती. सेरेना पहिल्यांदा वर गेली ती 2016 मध्ये. आजवर मी याला 'मार्केट' म्हणत होते. आता तो शब्द तोंडातून निघत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रावपुऱ्याचा जाहिरातवाला

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी 22 वर्षं या धंद्यात आहे आणि सरळ सांगतो: जाहिरातीचा पैसा हे खेळाचं बक्षीस नाही. तो माल खपवण्याचा खर्च आहे. शारापोव्हा 17 वर्षांची असताना 2004 मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत सेरेनालाच हरवून पुढे आली. वय कोवळं, इंग्रजी सफाईदार, मागे रशियासारखी नवी बाजारपेठ. कंपन्यांनी त्या दिवशी तिच्यावर पैसा लावला आणि ती ओळख वर्षानुवर्षं चालली. यात वर्णभेद कुठे आला?

आणि रंगच आड येत असता तर टेनिसपटू नाओमी ओसाका 2020 मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत पहिली कशी आली? 3 कोटी 74 लाख डॉलर! तोवर कुठल्याही महिला खेळाडूने एका वर्षात एवढं कमावलं नव्हतं. वडील हैतीचे कृष्णवर्णीय, आई जपानी. आपली पी. व्ही. सिंधू 2018 मध्ये त्याच यादीत सातवी होती, 85 लाख डॉलरवर. तिला कुणी गोरी म्हणून घेतलं नाही, ऑलिंपिक पदक आणि साधं, विश्वासाचं व्यक्तिमत्त्व म्हणून घेतलं. तुमच्या दुकानदाराने चूक केली हे मान्य. पण ती त्याच्या नजरेची चूक, बाजाराची नव्हे.

नेटवरची ताई

मी मुलींना गोलंदाजी शिकवते, त्यामुळे त्या होर्डिंगवरच्या बोटांचं वाचून पोटात तुटलं.

दादा, 2004 चं सांगितलंत, पुढचं का सांगितलं नाहीत? त्या वर्षानंतर शारापोव्हा सेरेनाला एकदाही हरवू शकली नाही. दोघींचा एकूण हिशेब 20 विरुद्ध 2. आणि 2015 ची यादी बघा: जाहिरातींतून शारापोव्हाला 2 कोटी 30 लाख डॉलर, सेरेनाला 1 कोटी 30 लाख. एक मुलगी दुसरीकडून 11 वर्षं हरते आणि तरी जाहिरातीत एक कोटी डॉलरने पुढे राहते. त्याच काळात सेरेनाच्या दंडांवर, तिच्या बांध्यावर, ती 'बाई दिसते की नाही' यावर जगभर लिहिलं जात होतं. ते सगळं जाहिरातवाल्यांच्या कानावर पडत नव्हतं का?

ओसाकाचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. 2019 च्या जानेवारीत जपानच्या निस्सिन या नूडल्स कंपनीने आपल्या कार्टून जाहिरातीत तिला गोऱ्या कातडीची आणि फिकट केसांची दाखवलं. ओरड झाल्यावर जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. म्हणजे पैसे तिलाच दिले, पण तिचा रंग नको होता! यादीत पहिली येणाऱ्या बाईची ही गत असेल, तर वाडीहून सायकलवर येणाऱ्या मुलीने काय अपेक्षा ठेवायची?

नजरेची चूक म्हणता. ती नजर तयार कोण करतं? 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' जायला आपल्याकडे 2020 साल उजाडावं लागलं. आपण सगळे त्याच जाहिराती बघत मोठे झालो, तो दुकानदारसुद्धा.

जुना डावखुरा

दोघांचंही वाचलं. मला वाटतं तुम्ही दोन वेगळ्या खिशांची गल्लत करताय. एक खेळाचा, दुसरा चेहऱ्याचा. पहिला न्याय्य करा, दुसऱ्याच्या मागे धावू नका.

14 फेब्रुवारी 2025 ला मी कोटंबीच्या स्टेडियमवर होतो, नातीला घेऊन. डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे महिला प्रीमियर लीगच्या, त्या हंगामाचा पहिला सामना. गुजरातची कर्णधार अ‍ॅश गार्डनर 79 वर नाबाद राहिली. अक्षरशः आमच्या डोक्यावरून चेंडू गेले. नंतर बंगळुरूने 202 चा पाठलाग पुरा केला, रिचा घोषने तर कहर केला, पण घरी जाताना नात गार्डनरचीच नक्कल करत होती, गुडघा टेकून. ही गार्डनर ऑस्ट्रेलियातल्या मुरुवारी या आदिवासी समाजातली. 2023 च्या लिलावात तिला 3 कोटी 20 लाख मिळाले, परदेशी खेळाडूंत इंग्लंडच्या नॅट स्किव्हर-ब्रंटइतकीच सर्वांत मोठी बोली. बोली लावणाऱ्यांनी कातडी बघितली नाही, षटकार आणि ऑफस्पिन बघितला. जिथे जिंकणं पणाला लागतं तिथे माणूस आपोआप गुण बघतो.

म्हणून म्हणतो, मॅच फी, करार, बक्षिसं यांसाठी भांडा. अमेरिकन ओपनने 1973 मध्ये बक्षिसं समान केली, विम्बल्डनने 2007 मध्ये. व्हीनस विल्यम्स त्यासाठी भांडली आणि त्याच वर्षी जिंकून समान बक्षीस घेणारी पहिली ठरली. तिने जाहिरातदारांकडे न्याय मागितला नाही, आयोजकांकडे मागितला.

रावपुऱ्याचा जाहिरातवाला

काका, तुमच्याशी बराच सहमत. पण पगारातही 'समान' हा शब्द जपून वापरावा. आयपीएलचे प्रसारण हक्क 5 वर्षांसाठी 48,390 कोटींना गेले, डब्ल्यूपीएलचे 951 कोटींना. वर्षाचा हिशेब काढा. 2023 मध्ये आयपीएलच्या 10 संघांना खेळाडूंवर प्रत्येकी 95 कोटी खर्चायची मुभा होती, म्हणजे प्रसारणाच्या पैशाच्या साधारण दहावा भाग. डब्ल्यूपीएलच्या 5 संघांना प्रत्येकी 12 कोटी, म्हणजे जवळजवळ तिसरा भाग. प्रमाणात मुलींना जास्त मिळतंय. हे कुणी बोलत नाही.

नेटवरची ताई

हिशेब बरोबर आहे, मी स्वतः करून बघितला. पण 951 हा आकडा इतका लहान का, ते विचारा ना. भारताच्या मुली नोव्हेंबर 2014 नंतर थेट जून 2021 मध्ये कसोटी खेळल्या. साडेसहा वर्षं! दुकानाचं शटर बंद ठेवायचं आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणायचं, हा कुठला व्यवहार? क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर 2022 मध्ये मॅच फी समान केली, कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-20 ला 3. मनापासून आनंद झाला. पण तेव्हा वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी 7 कोटींची होती आणि मुलींची 50 लाखांची. फी सामना झाला तरच मिळते. करार घर चालवतो.

आणि डावखुरे काका, दोन खिसे वेगळे नाहीत हो. चेहऱ्याच्या पैशातून फिजिओ येतो, चांगले शूज येतात, पुढच्या वर्षीच्या विकेट येतात.

बडोदेकर, सध्या न्यू जर्सी

इकडच्या बास्केटबॉलचं सांगतो, कारण तिथे हा वाद उघडपणे चाललाय. केटलिन क्लार्क ही गोरी मुलगी 2024 मध्ये डब्ल्यूएनबीएत, म्हणजे इथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, आली. पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर, म्हणजे इथल्या शाळाशिक्षकाच्या आसपास. पण नाइके या बूट कंपनीशी झालेला करार 8 वर्षांत 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंतचा असल्याच्या बातम्या आल्या. त्या वेळी एजा विल्सन ही कृष्णवर्णीय खेळाडू दोनदा लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली होती, आणि तिच्या नावाचा बूट अजून जाहीरही झाला नव्हता. तो मे 2024 मध्ये झाला.

पण जाहिरातवाले दादांची बाजूही खोटी नाही. क्लार्कच्या शेवटच्या कॉलेज सामन्याला टीव्हीवर 1 कोटी 80 लाखांहून जास्त प्रेक्षक होते, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा कितीतरी जास्त. ती गर्दी खरी आहे. त्याचा फायदा सगळ्याच मुलींना होतोय, नवीन प्रसारण करार बघा. मात्र हेही सांगायला हवं की आपण सगळं कष्टाने मिळवलं तरी गोरी असल्याचा लाभ झाला, हे क्लार्कने स्वतः कबूल केलंय. मला त्यासाठी तिचा आदर वाटतो. ज्याला मिळालं त्याने बोललं की ऐकणाऱ्याला तो मत्सर वाटत नाही. दांडियाबाजारच्या काकू, तुम्ही तेच केलंत.

रावपुऱ्याचा जाहिरातवाला

बरं, एक उपयोगाचं सांगतो. क्लबने दुकानदाराशी कागद करताना एक ओळ घालावी: 'फोटो कुणाचा, हे स्कोअरबुक ठरवील.' मी असे कागद केलेत, छोटे दुकानदार सही करतात. बाजार बदलायला निघालात तर पिढ्या जातील, ही ओळ पुढच्या स्पर्धेत लागेल.

नेटवरची ताई

ओळ चांगली, पण माझी यष्टिरक्षक स्कोअरबुकात कधीच वर येत नाही आणि तिच्याशिवाय निम्म्या विकेट पडत नाहीत. संपूर्ण संघाचा फोटो आणि पैसे सगळ्यांत सारखे, असं लिहा.

रावपुऱ्याचा जाहिरातवाला

पंधरा चेहऱ्यांचं होर्डिंग रस्त्यावरून वाचता येत नाही, ताई. दुकानदार पैसेच देणार नाही.

नेटवरची ताई

मग विजयी चेंडू टाकतानाचा फोटो लावा. त्यात चेहरा नसतो, हात असतो.

दांडियाबाजारची आई

दोन्ही ओळी लिहून ठेवल्या, रविवारी क्लबच्या बैठकीत मांडते. दुकानदाराकडे आज जाऊन आले. होर्डिंग महिनाभर उतरणार नाही म्हणाले.

मग त्या मुलीच्या आईला फोन केला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण बाईंनी मला पूर्ण बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, फोटोचं राहू दे ताई, पोरीच्या डाव्या बुटाचा तळ सुटलाय, रनअपला पाय सरकतो. 5 हजार अजून पाकिटात तसेच आहेत, ते तिचेच होते. उद्या दोघींना घेऊन बूट आणायला जातेय. तिचा नंबर 6 आहे.