आभासी प्रयोगशाळा प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाची जागा घेऊ शकते का?

प्रश्न (धुळे): विद्युत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण मंत्रालयाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ या संकेतस्थळावरील आभासी प्रयोग दिल्यास प्रात्यक्षिकांचे तास कमी करता येतील का?

उत्तर १ (जळगाव): सर, तास कमी करू नयेत. थ्री-फेज मोटारीची वेटोळी स्टार किंवा डेल्टा अशा दोन प्रकारे जोडतात; स्टार जोडणीत मोटारीचा सुरुवातीचा प्रवाह डेल्टाच्या एक-तृतीयांश का होतो, हे विद्यार्थ्याने पडद्यावर हवे तितक्या वेळा निर्धास्तपणे तपासावे. मात्र ४१५ व्होल्टच्या जोडणीत एखादा स्क्रू सैल राहिला की टर्मिनल (तार जोडण्याची जागा) कसे तापते, हे प्रत्यक्ष कामातूनच कळावे लागते.

उत्तर २ (रावेर): सहमत आहे. आभासी प्रयोग आधी करून घ्यावा, म्हणजे प्रयोगशाळेतला वेळ आकृती समजावण्यात न जाता जोडणीत जाईल. आमच्याकडील केळीबागांतले पंप दुरुस्त करणारी मुले याच वर्गांतून घडायची आहेत. गुणही स्वतः केलेल्या जोडणीलाच द्यावेत.