मदत हवी आहे: ॲसिडिटीमुळे दीड वर्षाचं बाळ घास नाकारतंय

वजन 9 किलो, 2 महिने हललेलं नाही, काळजी तीच. ओमेप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं औषध) सकाळी खाण्याआधी अर्धा तास, कॅप्सूलमधले दाणे न चुरडता सफरचंदाच्या चमचाभर गरातून. दिवसातून 6 वेळा थोडं थोडं, नंतर अर्धा तास उभं धरून. उलट्या थांबल्या. मुगाची पातळ खिचडी जाते, पण कुस्करलेली ज्वारीची भाकरी जिभेवर आली की ओकारी येते. जळजळीची धास्ती घासाशी जोडली जाते, म्हणून जबरदस्ती अजिबात नाही.

गाईच्या दुधाची ॲलर्जी तपासायला सगळे दुधाचे पदार्थ 2 ते 4 आठवडे बंद केलेत का कुणी? कॅल्शियमसाठी नाचणी कशी दिली? चावण्या-गिळण्याची थेरपी सोलापुरात मिळते, की पुणं गाठावं लागेल?