रायगडावरची राजसदर पुन्हा बांधावी का?

शहापूरकर : वैशाखातल्या शिवजयंतीला आपल्या बेळगावात चित्ररथावर अख्खा राज्याभिषेक उभा राहतो. आणि 6 जून 1674 ला तो जिथं घडला तिथं पोरं विचारतात, "राजवाडा कुठाय?" आपण जोत्याकडे बोट करतो. मे 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गड जळाला. ती जळकी जागा आपण किती पिढ्या दाखवायची? सागवान आणि घडीव दगडात सदर बांधा, एवढंच माझं मागणं.

खानापूरकर : अण्णा, बांधणार कशावरून? जोत्यावरून लांबी-रुंदी कळते. मजले किती, छप्पर केवढं उतरतं, खांबांवर नक्षी कसली, हे कोण सांगणार? त्या बाजारपेठेचंच बघा की. उंच जोती दिसली, तर घोड्यावर बसून खरेदी चालायची असं सगळे गाइड छातीठोक सांगतात. अंदाज एकदा दगडात बसला की पुसता येत नाही. खरं बघायचं तर महादरवाजा बघा. दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वाट वळून येते, त्यामुळे हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही आणि वरून मारा चुकत नाही. गड बांधणाऱ्या हिरोजींचं डोकं तिथं कळतं. पैसा असेल तर तटातली झाडं काढा, टाक्यांतला गाळ उपसा, सांधे चुन्यानं भरा.

येळ्ळूरकर : आमच्या राजहंसगडावर 2023 ला महाराजांचा पुतळा झाला. आधी ट्रेकर तेवढे यायचे, आता घरंच्या घरं येतात. नुसत्या जोत्याला कोण येतंय?

खानापूरकर : पुतळ्याला कोणी 1674 चा समजत नाही. नव्या सदरेला समजतील.

निपाणीची लेक : मग पाचाडला पायथ्याशी पूर्ण मापाची बांधा. जिजाऊंचा वाडा, समाधी तिथंच आहे, म्हाताऱ्या माणसांनाही बघता येईल. जुलै 2025 ला रायगडासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेलेत. वर नवं बांधकाम करून यादीतली जागा धोक्यात कशाला घालायची?

शहापूरकर : ताई, पाचाडात तो शूटिंगचा सेट होईल. सिंहासनाची जागा वर आहे. बरं, वाडा राहू दे. सदरेवर नुसतं लाकडी छप्पर तरी घाला, जोत्याला धक्का न लावता.

खानापूरकर : धक्का न लावता खांब रोवणार कुठं? रायगडावरचा आषाढातला वारा बघितलाय न्हवं तुम्ही?