चारी चाकं ओढणारी इलेक्ट्रिक गाडी: बर्फ, चिखल आणि आपले खड्डे

दोन मोटरवाली गाडी नुकतीच दारात आली. दारात म्हणजे चेंबूरच्या सोसायटीत, स्टॅक पार्किंगच्या खालच्या खणात. आई विचारते, मुंबईत बर्फ कुठे पडतो? बरोबरच आहे. पण जानेवारीत मनालीला न्यायचा बेत आहे. ज्यांनी अशी गाडी बर्फात, चिखलात घातलीय त्यांनी लिहा. ब्रोशर माझं पाठ आहे, ते नको.

मुलुंड
अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा. अलीकडे कोरडा रस्ता होता, पलीकडे सिस्सूच्या बाजूला सगळं पांढरं. बर्फ पडला की पोलिस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, म्हणून आम्ही ऐटीत निघालो. चढ मस्त चढली. उतारावर ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची घरघर सुरू झाली आणि गाडी अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, कडेच्या ढिगाकडे सरकत गेली. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. टायर मुंबईचेच होते. थंडीत ते रबर कडक होतं, मग मोटर दोन असोत की चार, थांबताना त्यांचा उपयोग शून्य. साखळ्या घेऊनच जा.

मूळची पार्ल्याची, सध्या नॉर्वेत
इथे हिवाळ्याचे टायर वेगळेच असतात, त्याशिवाय गाडी बाहेर काढायचा विचारही कोणी करत नाही. थंड बॅटरी सकाळी रीजन, म्हणजे गाडी मंदावताना मोटर परत बनवते ती वीज, जवळजवळ घेतच नाही. पाय काढला की गाडी आपोआप मंदावेल या सवयीवर राहू नका. निघण्याआधी, चार्जर लावलेला असतानाच गाडी गरम करा, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. रेंज तरीही बरीच घटते. आणि चार्जिंगचं झाकण गोठलं तर उकळतं पाणी ओतू नका. मी ओतलं होतं. पाच मिनिटांत तेच पाणी गोठलं, झाकण दुप्पट घट्ट!

बोरिवली
मुरबाडच्या शेतावर, जुलैत. चिखलात चाक फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल ताकदच तोडायचं, गाडी ढिम्म. ते बंद केल्यावर हळूहळू निघाली. बॅटरी पोटाखाली आहे हे विसरलो आणि एका दगडावर खर्रर्र. नशीब, खालचा पत्राच वाकला.

अंधेरी
बर्फ राहू द्या, मला पूर्व द्रुतगती मार्गावरचा एक खड्डा पुरला. टायर बाजूने फाटला. स्टेपनी नाही, पंक्चर किट दिलंय, ते फाटलेल्या कडेला कसलं चालतंय? टोइंगवाला आला आणि पुढची चाकं उचलायला हुक काढला. या गाडीची मागची चाकं रस्त्यावर घासत नेली की मागची मोटर फिरते आणि बिघडू शकते. म्हटलं, दादा, चारी चाकं वर पाहिजेत, सपाट ट्रक आणा. तो गाडीकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, मग पालखीच मागवा ना."
ट्रक दीड तासाने आला.