जेवणानंतरचा अर्धा तास जात नाही, मूड सावरायला तुम्ही काय करता?

चाफा:
मला एनोरेक्सिया आहे, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं सुटण्याचा आजार, डॉक्टर आणि डाएटिशियन दोन्ही चालू आहेत त्यामुळे ट्रीटमेंटबद्दल विचारत नाहीये. जेवण होतं, ताट घासून ठेवते आणि मग जो अर्धा तास असतो ना तो अक्षरशः अंगावर येतो, काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं आणि रडूच येतं. त्यात दिवाळी आली, मावशी दारातच म्हणणार "किती वाळलीस गं" नाहीतर "आता कशी छान भरलीस", दोन्हीने माझा दिवस जातो. साधं असं काय करता तुम्ही? व्यायाम, वॉक सांगू नका प्लीज, डॉक्टरांनी बंद केलंय.

पारिजात:
अगं तो अर्धा तास एकटीने काढूच नकोस. मला बुलिमिया होता, तोही खाण्याशी जोडलेलाच आजार, तेव्हा जेवण झालं की मी आजीसमोर बसून फुलवाती करायचे. कापूस पिंजायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून टोक वळायचं, आणि पहिल्या दहा-बारा वाती इतक्या वाकड्या व्हायच्या की आजी गुपचूप परत वळायची. बोलायचो काहीच नाही. पण हात गुंतले की डोक्यातला आवाज कमी व्हायचा, आणि डबा भरला की खरंच बरं वाटायचं.

रातराणी_७:
मी मुलगा आहे, मलाही हाच आजार आहे, आणि मुलांना होत नाही असं ऐकून ऐकून दोन वर्षं वाया गेली माझी. मला एका गोष्टीने फार धीर आला. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या जेवणावर ठेवलं होतं, स्वतःहून तयार झालेले होते ते, तर ती चांगली हसतीखेळती पोरं चिडचिडी झाली, उदास झाली, दिवसभर जेवणाचेच विचार, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. म्हणजे आपली उदासी हा आपला स्वभाव नाही गं, बरीचशी उपासमारीची आहे. ती पोरंही खायला लागल्यावर लगेच नाही, हळूहळूच सावरली. म्हणून वेळेवर खाणं हेच मी मूडचं औषध धरतो, बाकी ढगळ कुर्ता, जुनी गाणी, आणि इन्स्टावरची डाएटवाली सगळी अकाउंट्स म्यूट.

माईआत्या:
माझ्या लेकीचं हे सगळं मी बघितलंय बाळा. मावशीला तू नको सांगूस, आईला आधीच फोन करायला लाव, की तिच्या अंगावरून, ताटावरून एक शब्द नको, रांगोळीचं विचार, सिनेमाचं विचार. आम्ही असंच केलं, दोघी नातेवाईक रुसल्या, रुसू देत. आणि रात्री फारच दाटून आलं तर 14416 लाव, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. चक्कर किंवा छातीत धडधड झाली तर मात्र थांबू नकोस, सरळ दवाखाना.

चाफा:
रडले वाचून, पण वेगळं रडले. आईला दाखवलं, ती आत्ता मावशीशीच बोलतेय फोनवर. देवघरात कापसाचं अख्खं पुडकं सापडलंय. पारिजात, दूध कच्चं घ्यायचं की तापवलेलं?